मेलेली घूस कोणी उचलायची?

घूस म्हटले की कुणाला कचेरीतल्या टेबलाखालची घूस आठवेल. ती काढणे माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेच्या हातात नाही. मी लिहिते आहे ती चार पायांची घूस. न्हाणीच्या मागून शिरते, पाया पोखरते आणि रात्री बरोबर आपल्या उशाखाली माती उकरत बसते. विषय घरगुती आहे, पण या घुशीने मला माझ्याच घरात एक धडा शिकवला. एकतीस वर्षे मुलांना धडे शिकवले, हा मात्र मला म्हातारपणी शिकावा लागला.

आमचे घर उत्तर नागपुरात, इंदोऱ्याच्या बाजूला. सासरे एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. सासूबाईंच्या चांदीच्या पाटल्या मोडून त्यांनी १९६८ साली दोन खोल्यांचे कवेलूचे घर उभे केले. पाया दगडाचा, पण जुडाई चिखलाची. सिमेंटला पैसा कुठला? पुढे आमच्या नोकऱ्या लागल्या, वर स्लॅब पडला, खाली फरशी आली. पण वरचे कितीही बदलले तरी पाया सासऱ्यांचाच राहिला. आणि पाया कसा आहे हे माणूस विसरतो, घूस विसरत नाही.

२०२३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. एका सकाळी न्हाणीच्या मागे काळ्या मातीचा ढीग दिसला. चाळणीतून चाळावी तशी भुसभुशीत माती. मला वाटले, नातवाने खेळताना केला असेल. दुसऱ्या दिवशी ढीग दुप्पट. आठ दिवसांनी स्वयंपाकखोलीतली एक फरशी पायाखाली पोकळ वाजू लागली. तांदळाच्या कोठीचा एक पाय खाली गेला आणि कोठी भिंतीला टेकली. रात्री दिवे मालवले की खालून खरखर, मधूनच डुकरासारखा घोगरा आवाज. तेलुगूत घुशीला डुक्कर-उंदीर अशा अर्थाचे नाव आहे, त्यावरूनच इंग्रजीत तिला बँडिकूट म्हणू लागले, हे मला ठाऊक होते. ते नाव किती खरे आहे ते त्या रात्री कळले.

आपल्या घराभोवती फिरणाऱ्या या लहान प्राण्यांत आपण फार गल्लत करतो, म्हणून आधी ओळख करून देते. पेरूच्या झाडावरची चानी, म्हणजे पुस्तकातली खार, ही पेरू कुरतडते, माळ्यावरच्या गादीतला कापूस पळवते, पण घराचा पाया खात नाही. तिला झाडाची फांदी गच्चीपासून दूर छाटली की पुरे. दुसरी चिचुंद्री. लांब नाकाची, चिकचिक करणारी, वास मारणारी. ती उंदराच्या जातीचीच नाही. ती झुरळे आणि किडे खाते. तिला मारणे म्हणजे फुकटचा पहारेकरी घालवणे. तिसरा घरातला लहान उंदीर. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून तो आत येतो. आणि चौथी ही घूस. त्यातही दोन जाती. लहान घूस पावशेर-दीडपाव भरते आणि बिळात धान्य साठवते. मोठी मात्र किलोभरही भरते. तिच्या अंगावर मांजरही सहसा जात नाही. हिचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून ती जन्मभर काहीतरी कुरतडत राहते.

दिरांचा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. त्याला फोनवर सांगितले तर तो हसला. म्हणाला, “मोठी आई, आमच्याकडेही हाच ताप आहे. चिपमंक म्हणून एक पट्ट्यापट्ट्यांची चानी असते. ती झाडावर कमी आणि जमिनीत जास्त. पायऱ्यांखाली बीळ करते, गालफडात दाणे भरून नेते. इथले लोक पायरीखाली लोखंडी जाळी पुरतात.” मला बरे वाटले. उकरणारे प्राणी सगळ्या जगात आहेत आणि उपाय शेवटी जाळी आणि फावडेच. पण तो उपाय आम्ही पहिल्यांदा केला नाही. आधी सोपा उपाय केला, आणि तोच अंगाशी आला.

यांनी बाजारातून काळपट राखाडी पूड आणली. झिंक फॉस्फाइड. लसणासारखा उग्र वास येतो. कणकेत गूळ आणि ती पूड कालवून गोळ्या केल्या, बिळाच्या तोंडाशी ठेवल्या आणि आम्ही निर्धास्त झोपलो. सकाळी मी चहा ठेवत होते. अडीच वर्षांचा नातू अंगणात पेरूखाली बसला होता. “आजी, लाडू,” म्हणून त्याने हात पुढे केला. हातात ती गोळी होती. घुशीने रात्री ती ओढत ओढत झाडाखाली आणून टाकली होती.

पुढचा तास मी नीट सांगू शकत नाही. त्याच्या तोंडाला काही लागले आहे की नाही ते कळत नव्हते. शेजारची बाई म्हणाली, मीठपाणी पाजून उलटी काढा. सुनेने ते करू दिले नाही, म्हणून मी तिची आजही ऋणी आहे. विषाचे पाकीट घेऊन ती सरळ दवाखान्यात धावली. तिथे डॉक्टरांनी समजावले की हे विष पोटातल्या आम्लात मिसळले की त्याचा विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा असे औषध नाही. घरी उलटी काढण्यात वेळ घालवू नये, त्याने धोका वाढतो. पाकीट सोबत आणावे, म्हणजे कोणते विष आहे ते लगेच कळते. बाळाला एक रात्र ठेवून घेतले. सुदैवाने त्याने गोळी नुसती हातात धरली होती. ती रात्र मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढली. सासऱ्यांचे घर, यांनी आणलेले विष, पण कणीक माझ्या हाताने मळलेली होती. गूळही मीच घातला होता.

आणखी एका गोष्टीचा इशारा इथेच देऊन ठेवते. धान्याला लावायच्या सल्फासच्या गोळ्या काही जण बिळात टाकतात. असे घरात कधीही करू नये. त्यांचा वायू बिळातून भिंतीच्या फटीत आणि फटीतून झोपलेल्या माणसांपर्यंत येतो. अशाने आपल्या देशात घरची घरे गेली आहेत.

दवाखान्यातून परतलो, त्याच्या तिसऱ्या दिवशी वास सुटला. एक घूस दारासमोरच्या नालीत तोंड वर करून पडली होती. मोठी होती. लोक नाकाला पदर लावून वळसा घालून जात. कोणी थांबेना, कोणी उचलेना. सकाळी झाडायला येणारी बाई आली तशी मी तिला सहज म्हणाले, “बाई, तेवढी घूस उचलून ने ना. चहाला वीस रुपये देते.”

तिने झाडू भिंतीला टेकवला. माझ्याकडे पाहिले. रागाने नाही, अगदी शांतपणे म्हणाली, “मॅडम, कचरा उचलणं माझं काम आहे. तुमच्या घरची घूस तुम्ही मारली, तर तुम्ही उचला. मेलेलं उचलायला मीच का?” आणि पुढचे घर झाडायला निघून गेली.

मी ओसरीवर तशीच उभी राहिले. मला माझे आजोबा आठवले.

आजोबा उमरेडकडच्या एका खेड्यातले. गावात कुणाचे ढोर मेले की निरोप आमच्या वस्तीत यायचा. ते ओढून नेणे हे जणू आमचे जन्माचे काम. मार्च १९२७ मध्ये महाडला जी परिषद झाली, तिथे बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, हे लाजिरवाणे जिणे टाका, असे समाजाला बजावले. त्याच परिषदेत आणखी एक मागणी झाली होती, तिची आपण फारशी आठवण काढत नाही. सवर्णांनी आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत, अशी ती मागणी होती. आमच्या खेड्यात ते वारे पोचायला काही वर्षे लागली. पण पोचले, आणि आजोबांनी एका सकाळी ढोर ओढायला नकार दिला. मालगुजाराचा बैल होता. मग विहीर बंद, काम बंद, किराणा बंद. आजी सांगायची की तो बैल तीन दिवस तसाच पडून होता. चौथ्या दिवशी मालकाच्याच घरच्या माणसांनी तो पुरला. आजी हे सांगताना दर वेळी एकच वाक्य म्हणायची, की त्या दिवशी कुणाचे आकाश कोसळले नाही.

त्या माणसाची मी नात. दर १४ एप्रिलला मी मुलांना हीच गोष्ट सांगत आले. आणि माझ्या नालीतली घूस उचलायला मी वीस रुपये दाखवून एका बाईला बोलावत होते, कारण तिच्या हातात झाडू होता.

हे फक्त माझ्या घरापुरते नाही. मुंबईत महापालिकेने रात्री उंदीर मारायला माणसे नेमली. एका हातात विजेरी, एका हातात काठी. एका रात्री तीस उंदीर मारायचे आणि पहाटे मोजून द्यायचे. कमी पडले तर पगाराला कात्री. शिकलेली पोरेही या नोकरीसाठी रांगेत उभी राहिली. शहराने खायचे, सांडायचे, फेकायचे, आणि त्यावर पोसलेले उंदीर कुणीतरी अंधारात मोजायचे. कामाला हलके म्हणत नाही मी. पण हे काम नेहमी त्याच त्याच माणसांच्या वाट्याला का येते, हा प्रश्न आपण नाही विचारायचा तर कोणी?

ती घूस आम्ही दोघांनी उचलली. कशी, तेही सांगते, कारण उघड्या हाताने ती कधीच उचलू नये. यांनी दोन्ही हातांत जाड पॉलिथिनच्या पिशव्या चढवल्या, नाकातोंडाला रुमाल बांधला. आधी घुशीवर आणि भोवती ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून थोडा वेळ थांबलो. मग पिशवी उलटी करून तिच्यात ती घेतली, तोंड बांधले, दुसरी पिशवी घातली. मागच्या मोकळ्या जागेत गुडघाभर खड्डा करून, पिशवीतून काढून, चुना टाकून पुरली. लेंड्या पडल्या असतील तर कोरड्या झाडूने कधी झाडू नयेत, धूळ नाकात जाते. आधी ओले करावे, मग पुसावे.

एवढी काळजी का? उंदीर-घुशींच्या मुतातून पाण्यात लेप्टोचे जंतू जातात आणि आपल्या पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या तापाने माणसे दगावली. आणि मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा दुसरे अंग शोधतात. प्लेग असाच पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवून दिले. त्याच्या एकच वर्ष आधी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता आपल्या सावित्रीबाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले होते, हे आपण सगळ्या जाणतो. पण सावित्रीबाईंना नेणारा तो रोग उंदरांच्या बिळातून येतो, हे किती जणींच्या ध्यानात असते? आणि ही केवळ जुनी गोष्ट नाही. १९९३ च्या भूकंपानंतर लोकांनी सोडलेल्या घरांत धान्य राहिले, उंदीर माजले आणि १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि मग सुरतेत प्लेगची धावपळ उडाली. सुरत त्यानंतर स्वच्छ झाले, ते उंदीर मारून नव्हे, कचरा उचलून.

त्या वेळी विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन चालू होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचे प्रकरण आले. समोरच्या काकूंनी विचारले, “रोज पहिले शील घेतो आणि घरी जाऊन विष कालवतो, हे कसे?” चांगला प्रश्न होता. बाबासाहेबांनी तिथे मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. अहिंसा हा आंधळा नियम नाही, ते विवेकाने पाळायचे तत्त्व आहे. मग गरज कुठे सुरू होते? मी माझी गोष्ट उभी राहून सांगितली. नातवाची, नालीतल्या घुशीची, झाडणाऱ्या बाईचीही. सांगताना लाज वाटली, पण सांगितली. म्हटले, घूस आपल्याकडे येणार नाही असे काही आपण केलेच नाही, तर विष हा गरजेचा नव्हे, आळसाचा उपाय झाला.

मग चर्चा रंगली. कोणी म्हणाले, नाला आहे म्हणून घुशी आहेत. कोणी म्हणाले, पलीकडच्या बंगल्यांच्या कॉलनीतले लोक रात्री स्कूटरवर पिंजरे आणतात आणि आपल्या नाल्यावर उघडतात. हे खरे आहे. मी स्वतः पाहिले आहे. जीव मारायचा नाही म्हणून त्यांना पुण्य, आणि घूस आमच्या वस्तीला. सगळे तावातावाने बोलू लागले. तेवढ्यात बारावीतली एक मुलगी हळूच म्हणाली, “आजी, पण विहाराच्या मागे पौर्णिमेच्या भोजनदानाच्या पत्रावळी कोण टाकतं?”

सभा गप्प झाली. उठून मागे गेलो. विहाराच्या मागच्या भिंतीला लागून पत्रावळी, भाताचे ढीग, वरणाचे डाग, आणि भिंतीच्या पायाशी सात बिळे. दुसऱ्यांनी आपल्या दारात घुशी सोडल्या हे खरेच. पण त्यांना जेवायला आपण वाढत होतो.

त्यानंतर २३ सप्टेंबरच्या पहाटेचा तो पाऊस आला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. आमच्याकडे तेवढे नुकसान झाले नाही, पण नाला भरला, बिळांत पाणी गेले आणि सगळ्या घुशी वर, घरांत आल्या. धम्मचक्र प्रवर्तन दिन महिन्यावर होता. त्या वर्षी दसरा २४ ऑक्टोबरला होता. दीक्षाभूमीवर येणारी वाशीमकडची मंडळी दर वर्षी आमच्या गल्लीत उतरतात. बायामुले खाली सतरंजीवर झोपतात. त्या मुलांच्या कानापाशी घूस खरखर करणार, या विचाराने मला झोप येईना. मग गल्लीने कंबर कसली.

काय केले ते क्रमाने सांगते, म्हणजे आपल्या वस्तीत करता येईल.

पहिले काम मोजणीचे. संध्याकाळी गल्लीतली सगळी बिळे पोरांनी ओल्या मातीने लिंपून बंद केली आणि चुन्याची खूण केली. त्रेचाळीस बिळे भरली. सकाळी त्यांतली सतरा पुन्हा उकरलेली दिसली. म्हणजे जिवंत बिळे सतरा. बाकीची नुसती भोके. शत्रू किती हे कळले की भीती निम्मी होते.

दुसरे काम अन्न तोडण्याचे. उष्टे नालीत टाकायचे नाही, असे ठरले. प्रत्येक घरी झाकणाचा डबा. विहारात भोजनदानानंतर पत्रावळी त्याच दिवशी गोळा करून कचरागाडीत द्यायच्या, आणि ते काम पाळीने, पुरुषांनीही. धान्य पत्र्याच्या कोठीत, कोठी विटांवर, भिंतीपासून वीतभर दूर. अंगणातली जुनी लाकडे, फुटकी कवेलू, निकामी कूलर, सगळे हलवले. घुशीला मोकळ्यावर पळायला आवडत नाही. ती भिंतीला अंग घासत, आडोशाने जाते. आडोसा काढा, ती बावरते. गल्लीत सगळ्यात जास्त कुरकुर या कामाला झाली. कारण विष पाच मिनिटांत ठेवून होते, डबा मात्र रोज धुवावा लागतो.

तिसरे काम पिंजऱ्याचे. मोठे, जाड तारेचे पिंजरे घेतले. घूस नव्या वस्तूला बिचकते. म्हणून पहिले तीन दिवस दार बांधून उघडेच ठेवले आणि आत सुकट, भज्याचा तुकडा, तेल लावलेली भाकर ठेवली. ती निवांत खाऊन जाऊ लागली. चौथ्या रात्री दार लावायची कळ चढवली. पिंजरा भिंतीला लागून, तिच्या वाटेवरच ठेवायचा. मधोमध ठेवला तर उपयोग नाही. बारा दिवसांत चौदा घुशी सापडल्या.

त्यांचे काय करायचे? एक तरुण म्हणाला, काटोल रोडला नेऊन सोडू. मी म्हटले, म्हणजे आपणही स्कूटरवरचे पिंजरेवाले होणार. तिथे कुणाचे तरी शेत आहे, कुणाचा तरी हरभरा आहे. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी ठरले की मारावेच लागेल, पण हाल करून नाही, खेळ करून नाही, आणि मुलांसमोर नाही. ज्याच्या पिंजऱ्यात सापडेल त्या घराने समोर उभे राहायचे आणि त्यांनीच पुरायचे. भाड्याने माणूस बोलवायचा नाही. यांनी आमच्या तीन पुरल्या. त्या संध्याकाळी यांना जेवण गेले नाही. मला ते बरेच वाटले. ज्या दिवशी सहज जेवण जाईल, त्या दिवशी काळजी करावी.

चौथे काम खरे काम. पाया. मिस्त्रीभाऊंनी न्हाणीमागची फरशी काढली आणि सब्बल घातली तर ती हातभर आत गेली. खाली एक खोलीच होती म्हणा ना. त्यात काय निघाले? तूर, तांदूळ, हरभरे मिळून दोन पायल्या धान्य. नातवाचा हरवलेला मोजा. कुरतडलेली साबणाची वडी. आणि विहारातल्या मेणबत्त्यांची सात-आठ थोटके. पोरे हसू लागली की घूसही वंदनेला येत होती.

ती पोकळी मुरूम आणि गिट्टीने ठोकून भरली, पाणी मारून बसवली, वर सिमेंटचा थर दिला. भिंतीच्या बाहेरून दोन फूट खोल चर खणला. त्यात पाव इंच भोकांची जाड जाळी भिंतीला लावून उभी सोडली आणि तळाशी एक फूट बाहेरच्या बाजूला वळवली. घूस भिंतीच्या कडेने खाली उकरत येते, जाळीला अडते, पुढे उकरते तर खाली पुन्हा जाळी. भिंतीपासून मागे सरकून फूटभरावरून पुन्हा सुरुवात करावी, एवढी अक्कल तिला नाही. न्यू जर्सीच्या चिपमंकलाही नसावी. नालीच्या पाइपाला जाळीचे झाकण, दाराखाली पत्र्याची पट्टी, वायरच्या भोकांत काचेचे तुकडे घालून सिमेंट. सामान आणि मजुरी धरून साडेनऊ हजार रुपये लागले. दोन घरांना ते झेपणारे नव्हते, तिथे गल्लीने वर्गणी काढली आणि खणायचे काम पोरांनी केले.

विष आम्ही पुन्हा आणले नाही. कुणाला अगदी वापरावेच लागले, तर कालवलेल्या गोळ्या उघड्यावर ठेवू नयेत. बाळाचा हात आणि कुत्र्या-मांजराचे तोंड जाणार नाही अशा बंद पेटीत ठेवावे, आणि पाकीट कधी फेकू नये.

दसऱ्याला वाशीमची मंडळी आली. दीक्षाभूमीवरून थकून आली आणि सतरंजीवर ओळीने झोपली. मी रात्री दोनदा उठून कान लावला. एका आजोबांचे घोरणे सोडले तर काही ऐकू आले नाही.

आता पूर्ण सुटका झाली असे मी म्हणणार नाही. नाला तिथेच आहे. पावसाळ्यात एखादे बीळ दिसतेच. मग संध्याकाळी लिंपायचे, सकाळी पाहायचे. पलीकडच्या कॉलनीत आमच्या महिला मंडळाच्या चौघीजणी गेल्या होत्या. भांडायला नाही. त्यांना जाळी कशी पुरायची ते दाखवले आणि पिंजरे आमच्याकडे आणू नका असे नीट सांगितले. एक बाई ओशाळल्या, एकांनी दार लावून घेतले. पिंजरे मात्र कमी झाले.

झाडणारी ती बाई अजून येते. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “जाऊ द्या मॅडम, तुम्ही उचलली ना.” आता ती कधीमधी ओसरीवर बसून चहा घेते. कपात, आमच्याच. तिचा मुलगा दहावीला आहे, त्याचे गणित मी घेते.

माझ्या भगिनींनो, विहारामागची भिंत एकदा जाऊन पाहा. घरामागची न्हाणी पाहा. कोठीचा पाय पाहा. बीळ दिसले तर आधी डब्याला झाकण लावा, मग फावडे घ्या. आणि एवढे करूनही एखादी मेलेली घूस दारात सापडली, तर हाक मारायला ओसरीवर येऊ नका. पिशवी घ्या आणि आपल्या हाताने उचला. आपल्या आजोबा-पणजोबांनी दुसऱ्याचे मेलेले उचलणे सोडले, ते आपण आपले मेलेले दुसऱ्याकडून उचलून घ्यावे म्हणून नव्हे.